आम्ही नाव घेत नाही

आम्ही मैत्रिणी हल्ली भेटलो की आधी गुडघ्यांवर बोलतो, मग सुनांवर. चहाचा दुसरा कप झाला की कमल म्हणते, "तो फौजदार आठवतो का गं?" आणि गुडघे राहतात बाजूला. गंमत म्हणजे दर वेळी एखादा नवाच किस्सा निघतो. त्या वेळी आम्ही इतक्या गप्प बसलो होतो, की तेव्हाचं न बोललेलं अजून पुरतंय.

हे किस्से लालबागच्या आमच्या चाळीतले, संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतले. आम्ही चौघीजणी: मी सुशीला, माझ्या शेजारची कमल, समोरच्या चाळीतली कौसल्या आणि जिन्यालगतच्या खोलीतली शेवंता. शेवंताचा नवरा दत्ताराम गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा, आणि पाळी सुटली की डांबर आणि कुंचला घेऊन गिरण्यांच्या भिंतींवर घोषणा लिहायचा. अक्षर असं सुरेख, की पोलीससुद्धा आधी वाचायचे आणि मग पुसायला माणूस पाठवायचे.

शेवटी कोणीतरी पोलिसांना नाव दिलं. नुसतं नाव आणि चाळ. चेहरा त्यांनी पाहिलेला नव्हता. दत्ताराम गिरणीत रजा टाकून वडाळ्याला, मिठागरांच्या बाजूला एका नातेवाइकाकडे जाऊन राहिला. पकडला गेला असता तर तुरुंग होताच, पण गिरणीतलं नावही कमी झालं असतं. आणि चाळ गिरणीचीच, म्हणजे खोलीही गेली असती. शेवंता दोन मुलं घेऊन जाणार कुठे? तेव्हा आमचं काम एवढंच होतं, की दत्ताराम कोणता आणि तो आहे कुठे, हे आमच्या तोंडून जाता कामा नये.

* * *

दादरचे कर्णिक वकील आम्हाला शिकवायला आले. जुन्या मुंबईकर घराण्यातले, काळा कोट, काखेत छत्री, बोलणं पुस्तकासारखं. चाळीच्या गॅलरीत सतरंजी टाकून त्यांनी आम्हाला बसवलं.

"स्वतःचं नाव आणि पत्ता सांगा. पुढे गप्प. कशावर सही नाही, अंगठा नाही."

मी विचारलं, "पण हिचा नवरा कुठे आहे असं विचारलं तर? माहीत नाही म्हणायचं?"

"माहीत नाही, हे खोटं झालं. सांगणार नाही, हे खरं. सुशीलाताई, खोटं बोलणारा दुसऱ्या प्रश्नाला अडकतो. गप्प बसणारा शेवटच्या प्रश्नालासुद्धा अडकत नाही."

मला हे फार पटलं. मला खोटं बोलताच येत नाही, कान लाल होतात.

मग वकील शेवंताकडे वळले. "तुम्हाला तर कायद्याचाच आधार आहे. नवऱ्याने बायकोला विश्वासाने जे सांगितलं, ते कोर्टसुद्धा बायकोकडून वदवून घेऊ शकत नाही."

शेवंता मालवणकडची. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "तेचो काय उपयोग, वकीलसायब? ते माका कायच सांगनत नाय."

* * *

फौजदार पहिल्यांदा आला तो सकाळी, नळाच्या वेळेला. तरुण पोरगा, कडक इस्त्रीचे कपडे, नव्या नोकरीचा उत्साह. नळावर पहिली शेवंताच दिसली.

"बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

शेवंता घागर भरत राहिली.

"नाव विचारतोय मी."

"नवऱ्याचा नाव घेवचा नसता," शेवंता म्हणाली.

तो कमलकडे वळला. "तुम्ही सांगा हिच्या नवऱ्याचं नाव."

"मी कशी घेऊ हो? आमच्या मालकांचंही तेच आहे."

मग माझ्याकडे. मी म्हटलं, "मला नाही घेता येणार. माझ्या सासऱ्यांचं नाव आहे ते."

"अहो, पण तेच म्हणजे कोणतं?"

तिघींनी माना खाली घातल्या. फौजदाराचा धीर सुटला आणि तो असा ओरडला, की वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, "दत्ताराम का? दत्ताराम?"

तळमजल्याच्या ओट्यावर बसलेले माझे सासरे, दुसऱ्या मजल्यावरून अर्धी दाढी झालेला कमलचा नवरा आणि फाटकाशी बसलेला कोथिंबीरवाला, असे तिघे एकदम म्हणाले, "ओ!"

(लिहिताना मी नाव घेतेय खरं. सासरे आता नाहीत, आणि कागदावर चालतं, असं माझं मीच ठरवलंय.)

* * *

सासरे काठी टेकत चालायचे. कमलच्या नवऱ्याला चष्म्याशिवाय भिंतच दिसायची नाही, मग तो तिच्यावर लिहिणार काय? कोथिंबीरवाला आमच्या चाळीतलाच नव्हे. म्हणजे उरला शेवंताचा. एवढं फौजदाराने शोधून काढलं, आणि त्याचा चेहरा कसा, हे विचारायला गिरणीत गेला.

दत्तारामचा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, मोठा मिश्कील माणूस. तो म्हणाला, "साहेब, मी साच्यांकडे बघतो. साचा दाखवा, ओळखतो."

* * *

गप्प बसणं कमलला कधीच जमलेलं नाही. तिला स्टेशनवर जबानीला बोलावलं तेव्हा कर्णिक वकील काळजीत पडले. मग तेच म्हणाले, "कमलाबाई, तुम्ही असं करा, थांबूच नका."

कमल बोलायला बसली. नळाला पाणी कमी येतं, जिन्यातला दिवा गेलाय, तिच्या जावेने सोयरिकीत कसा घोळ घातला, धाकट्याला डांग्या खोकला झाला तेव्हा कोणतं औषध लागू पडलं. फौजदार लिहितोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय. दोनदा त्याने मध्ये विचारलं, "पण दत्ताराम?" कमल म्हणे, "तिकडेच येतेय हो मी," आणि पुन्हा जावेकडे जाई.

शेवटी त्याने जबानी वाचून दाखवली. "बरोबर आहे?"

"शेवट राहिला की."

फौजदाराने आशेने टाक उचलला. "सांगा."

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. लिहा."

बिचारा इतका दमला होता, की त्याने लिहिलंसुद्धा! मग कागद पुढे सरकवला. "सही करा."

"सही नाही करायची," कमल म्हणाली. "वकिलांनी बजावलंय."

* * *

कौसल्याची गोष्ट छोटी आहे. ती आणि तिचा नवरा नुकतेच धम्माची दीक्षा घेऊन आले होते. तिला विचारलं ते आमच्या गॅलरीतच.

"नाव?" तिने सांगितलं. "पत्ता?" सांगितला.

"जात?"

"सोडली."

"सोडली म्हणजे? कुठे सोडली?"

"नागपूरला."

फौजदाराने कपाळावरचा घाम पुसला. "मग इथे मी काय लिहू?"

"लिहू नका. ती जागा मोकळीच राहू दे."

यापुढे तिने तोंड उघडलं नाही. तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, नाव-पत्त्यानंतर गप्प बसायचं ठरलं होतं ना?"

कौसल्या म्हणाली, "ते त्याच्या प्रश्नांना. हा प्रश्न माझा होता. कधी एकदा कोणी विचारतंय, याची वाट बघत होते मी."

* * *

मग माझी पाळी आली. मी तांदूळ निवडत होते. घरी आलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवायची मला सवय नाही, म्हणून मी विचारलं, "चहा घेणार?"

"नको. दत्ताराम शेवटचा कधी दिसला?"

मी गप्प. खडा सापडला, तो बाजूला टाकला.

"तो कुठे गेलाय, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय."

मी गप्प. उन्हातून आलेला माणूस, घसा कोरडा पडला असेल, असं वाटून मी पुन्हा म्हटलं, "चहा ठेवू?"

"बाई, नवऱ्याला लपवणाऱ्या बाईला मदत करणं हासुद्धा गुन्हा होतो. तुमच्या यजमानांची नोकरी आहे ना?"

हे मात्र मला लागलं. मी सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे सरळ बघत राहिले. तोच आधी खिडकीकडे बघायला लागला.

"दूध नासायच्या आत सांगा," मी म्हटलं. "ठेवू का?"

"तुम्हाला चहाखेरीज दुसरं काही बोलता येतं की नाही?"

"येतं," मी म्हटलं. "आलं घालू?"

* * *

त्यानंतर फौजदाराने सावंत हवालदारांना आमच्या जिन्यात बसवलं. नुसतं बसायचं आणि बायका काय बोलतात ते ऐकायचं. सावंत देवगडकडचे, पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या. बोलणं अगदी कमी.

आम्ही बोलणं बंद केलं असतं तर संशय आला असता. म्हणून त्यांच्या डोक्यावरून एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत आम्ही पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलायला लागलो, फक्त विषय निवडून. सावंत स्टुलावर बसून मान खाली घालून ऐकत असायचे. शेवंता त्यांच्यासमोरून ये-जा करायची, पण बोलायची नाही. एकदा मात्र तिने पाण्याचा तांब्या त्यांच्या शेजारी आणून ठेवला आणि तशीच निघून गेली.

शेवटी फौजदाराने येऊन विचारलं, "काय सावंत, काय कळलं?"

सावंत उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, कुळथाची पिठी पातळ बरी का दाट, यावरून चाळीत दोन तट आहेत. बाकी सगळं शांत."

* * *

आणि आता तो किस्सा, ज्याच्यासाठी कमल दुसरा कप मागते.

परळला मोठा मोर्चा झाला. दत्तारामला वडाळ्यात राहवेना, तो आला आणि पकडला गेला. दत्ताराम म्हणून नव्हे, गर्दीतला एक म्हणून. बरोबरच्या माणसांसकट त्यालाही स्टेशनच्या आवारात रांगेत बसवलं. कोणीच नाव सांगेना. पण यांतच दत्ताराम आहे, अशी खबर फौजदाराला लागली, आणि त्याने शेवंताला निरोप धाडला. निरोप मोठा मायेचा होता: तुमचे यजमान इथे आहेत, सकाळपासून उपाशी आहेत, डबा घेऊन या.

मी म्हटलं, "शेवंता, हा सापळा आहे गं."

"कळता माका," ती म्हणाली. "पण ते उपाशी आसत, ह्या खोटा नाय." आणि तिने भाकऱ्या थापल्या, सुक्या जवळ्याची चटणी केली. एकटीने स्टेशनवर जायचं नाही असं वकिलांनी सांगितलेलं, म्हणून मी बरोबर गेले.

आवारात ऊन तापलं होतं. माणसं भिंतीशी रांगेत बसलेली. दत्ताराम मधे कुठेतरी, दाढी वाढलेली, खाली मान. मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली, माझे कान काही बोलतील या भीतीने. सावंत हवालदार रांगेच्या टोकाला काठी घेऊन उभे होते.

फौजदार खुर्चीवर बसला होता. गोड आवाजात म्हणाला, "या, शेवंताबाई. डबा आणलात? ज्याचा त्याला द्या. मी काही विचारत नाही. तुम्हाला बोलायलाही नको."

शेवंता रांगेच्या सुरुवातीपासून निघाली. एकेका माणसासमोरून, सावकाश, सगळ्यांकडे सारखंच बघत. फौजदार तिच्या पायांकडे बघत होता, कुठे थांबतात म्हणून. दत्तारामच्या समोर पाऊल पडलं आणि तसंच पुढे गेलं. शेवटच्या माणसालाही ओलांडून शेवंता सावंत हवालदारांपाशी थांबली, आणि डबा त्यांच्यापुढे धरला.

"जेवा," ती म्हणाली. "सकाळपासून उभे आसात."

कोणीतरी रांगेत हसलं आणि गप्प झालं. फौजदार उठून उभा राहिला. "बाई, हा काय तमाशा आहे? डबा नवऱ्याला द्या म्हटलं होतं मी."

"ज्याचा त्याला द्या, म्हणालात," मी म्हटलं. तेवढं बोलणं मला आवश्यक वाटलं.

शेवंता डबा धरूनच राहिली. सावंतांनी एकदा फौजदाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग काठी भिंतीला टेकवली, खाली बसले, डबा उघडला आणि सगळ्यांच्या देखत जेवायला लागले. भाकरी, चटणी, कांदा, सगळं. घाई केली नाही. दत्तारामच्या पुढ्यातून तो वास जात असणार. त्याने मान वर केली नाही.

जेवण होईपर्यंत फौजदार येरझारा घालत होता. मग वैतागून आत ओरडला, "लिहा, सदर इसम मुंबईत आढळून आला नाही. आणि सोडा या सगळ्यांना, किती दिवस पोसायचं?" त्या एका ओळीने दत्तारामची नोकरी राहिली आणि खोलीही.

दिवेलागणीला दत्ताराम जिना चढून वर आला. शेवंता दारात उभी होती, आम्ही तिघी तिच्या मागे. त्याच्या हातात तिचा डबा होता.

"हो खंय मिळालो?" शेवंताने विचारलं.

"फाटकातून एकेकाक सोडीत होते," दत्ताराम म्हणाला. "माझी पाळी इली, तसो त्या हवालदारान हातात दिल्यान."

"तो काय बोललो?"

"कायच नाय."

शेवंताने झाकण काढलं. डबा लख्ख घासलेला होता, आणि आत मूठभर साखर होती.