भाव न करणारे खलाशी

नरपडच्या किनाऱ्यावर सुके बोंबील विकणाऱ्या पुष्पाकाकूंच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरच्याची धडगत नसते. गावात सागरी सुरक्षेची सभा झाली, तेव्हा सागरी पोलिसांच्या साहेबांनी तासभर नकाशा दाखवला. हिंदी महासागरात चीनची जहाजं कुठवर आलीत, अमेरिका कुठे डोळा ठेवून आहे, सगळं सांगून झालं. शेवटी काकू उठल्या.

"ते तुमचं तुम्ही बघून घ्या. आमच्या किनाऱ्यावर परका माणूस उतरला तर ओळखायचा कसा, तेवढं बोला."

साहेबांनी उत्तराऐवजी एक फोन नंबर दिला.

आठवड्याभराने काकूंनी तोच नंबर फिरवला. "चौघे बोटीतून उतरलेत. खलाशी म्हणवतात, पण खोटं बोलतात मेले. गाडी पाठवा!"

चौघे पकडले गेले आणि निघाले साहेबांचेच शिपाई, सरावासाठी घुसखोर बनून आलेले. साहेब चाटच पडले.

"काकू, ओळखलंत कसं?"

"खलाशी कधी बोंबील विकत घेतो का हो? आणि तेही सांगितल्या भावाने? पुढच्या खेपेला पाठवण्याआधी त्यांना जरा घासाघीस शिकवा!"