शेजारच्या सीटवरचा ब्रेक

त्या शहरात गाडी चालवणारी जितकी माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांनी कधी ना कधी ब्रेकबाईंची बोलणी खाल्ली होती. बाईंचं खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कोण जातं? शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून बाईंनी उभी हयात काढली आणि नावही त्यावरूनच पडलं. शिकणारा सिग्नलला गाडी झकास उभी करायचा, कौतुकाच्या आशेने शेजारी बघायचा, आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "तू नाही थांबवलीस. मी थांबवली."

गाडीत बाई सगळ्यांना अरे-तुरे करत. एका बड्या वकिलांनी ते मनाला लावून घेतलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "‘वकीलसाहेब, आपण कृपया ब्रेक दाबावा’ एवढं माझं म्हणून होईपर्यंत आपण दोघं भिंतीत असू." वकिलांना मुद्दा पटला. पुढे त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना बाईंकडेच पाठवलं.

अशा या बाईंच्या हातून एकच विद्यार्थी निसटला, आणि तो नेमका घरातला. त्यांचे मिस्टर दातांच्या कवळ्या बनवायचे. मेणाचा साचा करायचा, दात एकेक करून बसवायचा, घासायचा, पुन्हा बघायचा, पुन्हा घासायचा. सगळं काम सावकाश, पण असं चोख की त्यांची कवळी घातलेला म्हातारा आरशासमोरून हलत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बाईंनी त्यांना शिकवायला घेतलं. घरात अहो-जाहो करणारी नवी नवरी गाडीत बसली की "अरे क्लच, क्लच! झोपलास का?" यावर यायची, आणि दर वळणावर तिचा पाय ब्रेकवर पडायचा. तिसऱ्या दिवशी एका कोपऱ्यावर मिस्टरांनी गाडी बंद केली आणि किल्ली बायकोच्या हातात ठेवली. "तूच चालव. तशीही तूच चालवतेयस," एवढं बोलून ते चालत घरी गेले.

पुढे ते दुसरीकडे शिकले. लायसन्स काढलं, आणि दातांच्या दवाखान्यांना कवळ्या पोचवायला एक छोटी व्हॅन घेऊन ती वर्षानुवर्षं चालवली. पण बायको सोबत असली की स्टिअरिंगला हात म्हणून लावायचे नाहीत. बाजारात जायचं असो की कुणाच्या लग्नाला, बाई चालवणार आणि मिस्टर शेजारी बसून बाहेरची झाडं बघणार. भांडण म्हणाल तर नव्हतं. विषयच बंद होता.

तो विषय मिस्टरांनी साठी उलटल्यावर एका सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता उघडला.

"यंदा उन्हाळ्यात कवळ्यांचं दुकान बंद ठेवायचं. समुद्राच्या कडेने जो लांब रस्ता जातो ना, तो शेवटपर्यंत बघायचा. छप्पर उघडणारी गाडी घेऊन."

"कन्व्हर्टिबल? या वयात?"

"जुनी, स्वस्तातली. मला कुठे मिरवायचंय? आणि अर्धा रस्ता मी चालवणार. तू शेजारी बसायचं."

"चालवा की. मी काय अडवलंय?"

"ब्रेक न मारता बसायचं."

"त्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक असणारच नाही. मारू कशाने?"

"तोंडानेही मारायचा नाही," मिस्टर म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "या खेपेला नाही जमलं, तर पुन्हा मी हा विषय काढायचो नाही. कायमचा सोडून देईन."

त्यांनी आवाज चढवला असता तर बाईंनी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. पण ते अगदी साधेपणाने बोलले. हा माणूस इतकी वर्षं आपल्या शेजारी बसून झाडंच का बघत होता, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

गाडी मिळाली ती एका केस कापणाऱ्या बाईंकडे. सलूनच्या मागच्या बोळात उभी होती. रंग पिवळा, पण उन्हाने विटून सायीसारखा झालेला. दारं दोन, मागची सीट नावापुरती. ब्रेकबाईंनी पदर खोचला आणि सरळ गाडीखाली डोकं घातलं. सलूनवाली मिस्टरांना समजावत होती, "गाडीत खोट नाही हो. पण मी लोकांचे केस बसवणारी, आणि दुकानात उतरते ती झिंज्या पिंजारून. गिऱ्हाइकं यायची कशी? धंद्याची बदनामी होते."

"आणि छप्पर?" गाडीखालून आवाज आला.

"छप्पर उघडतं."

"मिटतं का?"

सलूनवालीने आधी मिस्टरांकडे बघितलं, मग आभाळाकडे. "उन्हाळ्यात काय करायचंय मिटून?"

म्हणून गाडी स्वस्त होती तर. बाई बाहेर आल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "ब्रेक उत्तम आहेत." त्यांच्या मते गाडीत बघण्यासारखं बाकी काही नसतंच. मिस्टरांनी तोवर ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसा आपल्या उंचीला लावूनही घेतला होता. त्यांचा चेहरा असा खुलला होता की भाव पाडायचा बेत बाईंनी मनातच ठेवला.

पण घरी आल्यावर बाईंचा धीर सुटला. नुसतं बसायचं? पायाखाली काही नसताना? दोन दिवस त्या घरात खुर्चीवर बसून सराव करत होत्या, आणि नवरा स्वयंपाकघरातून वळून बाहेर आला तरी त्यांचा पाय जमिनीवर आपटत होता. तिसऱ्या दिवशी त्या गाडी सर्व्हिसिंगला म्हणून काढून गॅरेजवाल्याकडे गेल्या. हा त्यांचा जुना विद्यार्थी. इंजिन डोळे मिटून उघडायचा, पण रिव्हर्स घेताना रडकुंडीला यायचा. बाईंनी चिकाटीने त्याला पास करवलं होतं, त्यामुळे तो त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता.

"माझ्या बाजूला एक ब्रेक बसवून दे," बाई म्हणाल्या. "चटईखाली. दिसता कामा नये, आणि आमच्या ह्यांना कळता कामा नये."

गॅरेजवाल्याने कान खाजवला, हात पुसले, पुन्हा कान खाजवला. "संध्याकाळी या," तो म्हणाला.

संध्याकाळी चटईखाली पेडल होतं. दाबलं की हलकंसं दबून वर यायचं. "फार जोर लावू नका, बाई," गॅरेजवाला बोळ्याने नखं साफ करत म्हणाला, "जुनी गाडी आहे, सोसायचं नाही." बाईंना चोरी केल्यासारखं वाटत होतं, नाही असं नाही. पण नवऱ्याला स्टिअरिंग मिळावं म्हणूनच तर हे चाललंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

प्रवास सुरू झाला. ठरल्याप्रमाणे दुपारपर्यंत बाई आणि जेवणानंतर मिस्टर. मिस्टरांचं पहिलंच वळण आलं, बाईंनी पेडल अलगद दाबलं, गाडी अलगद मंदावली. पुढे दुधाचा टँकर आला, बाईंनी दाबलं, गाडी मागे राहिली. आता ओरडायची गरजच काय? पाय कामात असल्यामुळे तोंड आपोआप बंद राहिलं. मिस्टर शीळ घालू लागले. त्यांना शीळ घालता येते हे बाईंना ठाऊकच नव्हतं. मुक्कामाला उतरल्यावर त्यांनी पोटभर जेवून विचारलं, "बरी चालवली ना?"

"छानच," बाई म्हणाल्या, आणि मनात म्हणाल्या, कुणामुळे ते माझं मला माहीत.

दुसरा दिवसही असाच मजेत गेला. वारा कानात शिरत होता, केसांचं घरटं झालं होतं, आणि बाई डोळ्यांत तेल घालून रस्ता बघत होत्या. पूल गेला, गजबजलेली बाजारपेठ गेली, सायकलवाल्यांचा घोळका गेला. बाईंचा पाय चुकला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी उताराचा रस्ता लागला. मिस्टर चालवत होते. एका आंधळ्या वळणावरून गाडी बाहेर आली आणि समोर रस्ताभर आडवी बोट. ट्रेलरवर लादलेली भली मोठी मासेमारीची बोट, मागेपुढे करत वळत होती. बाईंनी जिवाच्या आकांताने पेडल दाबलं. काडकन आवाज झाला आणि पेडल आडवं पडलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर गाडी बोटीपासून चांगली लांब, एका रेषेत उभी होती. धक्का नाही, कचका नाही. मिस्टर स्टिअरिंगवर हात ठेवून बोट वळायची वाट बघत होते.

बाईंनी चटई उचलली. पेडलच्या बुडाशी दोन स्क्रू आणि सोफ्याची एक स्प्रिंग होती. वायर नाही, नळी नाही, काही नाही.

"हे काय आहे?" बाईंनी पेडल वर धरून विचारलं.

"तेच मी विचारायला हवं," मिस्टर म्हणाले, पण त्यांना हसू आवरेना. "गाडी घेतली त्याच दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन आलो. म्हटलं, ती येईल आणि ब्रेक मागेल. दे बसवून, पण जोडू नकोस."

"मग मी दाबल्यावर गाडी हळू कशी व्हायची?"

"तुझा गुडघा हलला की मी ब्रेक मारायचो."

बाईंचा पारा चढला. "म्हणजे दोन दिवस तुम्ही मला खेळवत होतात?"

"एकच दिवस. कालपासून मी तुझ्या गुडघ्याकडे बघितलेलं नाही. कालपासून मी आपला गाडी चालवतोय."

बाई काहीतरी बोलणार होत्या, पण कालचा रस्ता त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. तो पूल, ती बाजारपेठ, ते सायकलवाले. सवयीने त्यांनी चुका शोधल्या, परीक्षेला बसवल्यासारखं नवऱ्याला एकेका वळणावरून फिरवलं. एकही चूक सापडेना. जिथे त्यांचा पाय पडला होता, तिथे तिथे त्याचाही पडला होता. आणि हे काही कालचं नव्हतं. ती व्हॅन इतकी वर्षं अशीच चालत असणार.

"त्या पहिल्या उन्हाळ्यात," बाई म्हणाल्या आणि अडल्या. त्यांनी मोडकं पेडल पायाशी ठेवलं. "एकदा तरी तुमचं तुम्हाला थांबू द्यायला हवं होतं मी."

"हो," मिस्टर म्हणाले.

बोट वळून गेली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. पुढच्या पेट्रोलपंपावर मिस्टर पाय मोकळे करायला उतरले आणि किल्ली बाईंसमोर धरली. "उरलेला उतार तू घे. माझ्यापायी उगीच जीव टांगणीला नको."

"बसा तिकडेच," बाई म्हणाल्या. "तुम्हीच चालवा."

"कुठवर?"

"रस्ता संपेपर्यंत."

गाडी निघाली. पायांचं काय करावं हे बाईंना थोडा वेळ समजेना. मग त्यांनी चपला काढल्या, सीटवर मांडी घातली आणि मान मागे टेकली. एका बाजूला समुद्र होता, तो केव्हापासून तिथे होता कोण जाणे. डोक्यावर दोन पक्षी गाडीच्याच वेगाने चालले होते, आणि त्यांच्याही वर निळंशार आभाळ. या गाडीला छप्पर नाही, हे बाईंना तेव्हा कुठे कळलं.