हुरड्याचा आठवडा

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला सोळा तास लागतात, दुबईला उतरून गेलं तर बावीस. तुमच्या आजोबांना मी हे नकाशा उघडून समजावलं होतं. त्यांनी विचारलं, "आन् आपल्या दिंद्रुडहून मुंबई?"

"गाडीने दहा तास."

"म्हंजी समिंदर वलांडायला सोळा, आन् मुंबईला दहा! मंग लांब कोन ऱ्हातंय, ती लेकरं का आपन?"

त्या वर्षी तुम्ही नातवंडं नाताळची सुट्टी लागल्याबरोबर न्यूयॉर्कहून येणार होता. आजोबांचे गुडघे गेले होते. पुढच्या वर्षापासून वावर बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा आपल्या रानातला हुरडा आपल्या हाताने चोळून तुम्हाला खाऊ घालायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. म्हणून विहिरीजवळच्या तुकड्यात त्यांनी बाकी रानाच्या महिनाभर आधी ज्वारी पेरली. हुरड्याजोगा कोवळा दाणा जेमतेम आठवडाभर टिकतो. तो आठवडा त्यांनी तुमच्या सुट्टीवर बेतला होता.

मग तुमच्या आईचा फोन आला. आठ दिवस उशिरा निघालं तर थेट विमान मिळतंय, मुलांना घेऊन मध्ये उतरायला नको, सहा तास वाचतात. तिचंही चूक नव्हतं. फोनवर आजोबा "या, सावकाश या" एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "सहा तासापायी आठ दिस! तुझ्या इमानाला सांग, ज्वारी थांबत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून ते त्या तुकड्याला पाणी देत राहिले. दाणा मऊ राहील अशी त्यांना आशा होती.

तुम्ही आलात तेव्हा त्या तुकड्यातला दाणा टणक झाला होता, आणि बाकीच्या रानात कणसं नुकती बाहेर पडत होती. तरी त्यांनी आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली, तळहातावर चोळून फुंकर मारली. धाकटीने दोन दाणे चावून पाहिले आणि विचारलं, "आजोबा, हे पॉपकॉर्न फुटलं नाही का?" सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तुमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

यंदा तुम्ही सुट्टी लागल्याबरोबर येताय, नेमके त्याच आठवड्यात. वावरात मात्र आता बटईवाल्याचा ऊस उभा आहे. काल मी म्हणाले, "माजलगावला हुरडा विकत मिळतो. आणू या का?"

"इकतचा खाऊ घालायला मी काय हाटेलवाला हाय व्हय?"

मग ते उठून ओट्यावर जाऊन बसले. मी चहा नेऊन दिला, तेव्हा म्हणाले, "इमान किती वाजता उतरतंय म्हनलीस?"