सकीनाचं कवच

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. सारंगखेड्यात आमच्या समोरच नजीर खोगीरवाल्याचं घर. त्याची बायको सकीना घराच्या धाब्यावर मिरच्या वाळवताना खाली पडली. हाडवैद्यानं पाठ चाचपली अन् तोंड वर करून म्हणाला, "कणाच दुखावला. आता पडूनच राहायचं." मेल्याला लाज कशी वाटली नाही! तेव्हापासून नजीरच्या पायाला भिंगरीच लागली.

असाच भटकताना तो शाळेपाशी गेला. मास्तर मुलांना सांगत होते, "कीटकांच्या पाठीत मणके नसतात, म्हणून ते अपृष्ठवंशी." हा थेट ओसरीवर चढला. "कनाच नई, तरी चालतस?"

मास्तर म्हणाले, "त्यांचा टणकपणा बाहेर, कवचात असतो. मांस आतून त्यालाच धरून असतं."

झालं! आला तो आमच्या उकिरड्यावर. शेणकिडा धरला अन् घोड्याची पाठ चाचपावी तसा त्याच्या पाठीवर अंगठा फिरवला. मग एक मेलेला किडा फोडून पाहिला. "माय, दखा! आत काहीच नई! मन्ही सकीनाले बी असंच बाहेरतून धरसू!"

"अरे, ती माणूस शे, किडा नई!" मी खेकसले. ऐकतोय कोण?

बांबूच्या कामट्या, चामडं, आत कापूस. उभ्याउभ्याच शिवायचा, टाका उसवायचा, परत शिवायचा, मध्येच आत जाऊन सकीनाकडे बघून यायचा. जेवणाचं नाव नाही. हे फसलं तर दोघंही हातचे जातील, अशी मला धास्ती.

कवच झालं. उलटून पाहतो तर मधोमध पोकळ पन्हळ! खोगीर घोड्याच्या कण्याला टेकू द्यायचं नसतं, म्हणून त्यात अशी पन्हळ ठेवतात. मन थाऱ्यावर नसताना हातानं आपली रीतच केली होती. जित्याची खोड, दुसरं काय! नजीरनं कपाळ बडवलं, उसवायला दाभण उचललं.

"ऱ्हाऊ द्या. तेच बांधा," सकीना खाटेवरून म्हणाली.

आम्ही बांधलं. तिला उठवताना मी डोळे गच्च मिटले. किंकाळी आलीच नाही. भार दोन्ही बाजूंच्या कामट्यांवर गेला, दुखऱ्या कण्याला काही टेकलंच नाही. सकीना बसली होती! बाई गं, मला तर रडूच फुटलं.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. वाढलेली दाढी, खोल गेलेले डोळे, हातात अजून दाभण.

"बठा आते," ती म्हणाली. "कितला फिरशात?"

नजीर खाटेच्या पायाशी मटकन बसला अन् तिथंच, बसल्या बसल्या, झोपून गेला.