पहिल्याच पानावर फुटलेली जहाजं

बीड जिल्ह्यात बसून अंतराळयुद्धाच्या कथा लिहिणारा मी एकटाच असावा. बाकीच्यांनी हा उद्योग केला नाही, याबद्दल त्यांचं कौतुकच करायला हवं. दिवसा माजलगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचं आणि संध्याकाळी आकाशगंगेत तोफा डागायच्या. सहकारी प्राध्यापक दिवाळी अंकात माझं नाव दिसलं की पान उलटत. त्यांच्या मताला मी काडीची किंमत देत नव्हतो. मला मत हवं होतं ते थोरल्या भावाचं. अण्णा पंधरा वर्षं नौदलात स्वयंपाकी होते, आता युसूफ वडगावला हार्डवेअरचं दुकान चालवतात. माझी एकही कथा त्यांनी वाचली नव्हती, आणि ते मला लागायचं.

म्हणून यंदाची कथा खास त्यांच्यासाठी लिहिली आणि कागद घेऊन दुकान गाठलं. आधी माझ्या ताफ्यातल्या लढाऊ जहाजांची उतरंड ऐकवली: सगळ्यात खाली कॉर्व्हेट, मग फ्रिगेट, डिस्ट्रॉयर, क्रूझर आणि डोक्यावर दोन किलोमीटर लांबीची बॅटलशिप. अण्णा खिळे तोलता तोलता हसले.

"ही यादी कुठून उचलली बे?"

"सगळ्यांच्याच कथांत असती, अण्णा."

"म्हंजे सगळेच येडे हायेत."

मग त्यांनी माझी शाळा घेतली. डिस्ट्रॉयर म्हणजे मुळात पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडणाऱ्या होड्यांच्या मागे लावलेलं छोटं, चपळ जहाज. ते फुगत फुगत जुन्या क्रूझरएवढं झालं, नाव तेच राहिलं. फ्रिगेट हे शिडांच्या काळातलं नाव. मधे गायब झालं, महायुद्धात परत आलं. आज काही फ्रिगेटी जुन्या डिस्ट्रॉयरपेक्षा मोठ्या आहेत. बॅटलशिप तर आता कुठल्याच नौदलात नाही. शिवाय कोणत्या नावानं जहाज बांधायला मंजुरी लवकर मिळेल, हेही सरकारं बघतात.

"आपल्याकडं पदं वाटतेत तसंच," अण्णा म्हणाले. "मानूस तोच, बॅनरवर नाव बदलतं."

मला आमच्या लेखकांच्या जमातीची कीव आली. प्रकाशाला मागे टाकणारी इंजिनं आम्ही चहा पिता पिता बनवतो, पण जहाजांची नावं, हुद्दे, तोफांच्या रांगा सगळं जुन्या समुद्रावरून जसंच्या तसं ढापतो. अंतराळात वर-खाली नसतं हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो, आणि माझा ताफा मात्र धरणात बदकं तरंगावीत तसा एका पातळीत चाललेला. याला आम्ही कल्पनाशक्ती म्हणतो!

"आन इकडं, वाचतो," अण्णा म्हणाले. मी कागद पुढे केले.

शत्रू किती बलाढ्य आहे ते दाखवायला पहिल्याच पानावर मी चौदा कॉर्व्हेटी एका वाक्यात उडवल्या होत्या. ही आमची नेहमीची पद्धत. लहान जहाजं फुटल्याशिवाय मोठं जहाज मोठं वाटत नाही.

अण्णा त्या वाक्यावर थांबले.

"मी कसल्या जहाजावर व्हतो, ठाव हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ते रजेवर येत होते. मी एकदाही विचारलं नव्हतं.

"कॉर्व्हेटवर. शंभरावर मानसं जेवायची माझ्या हातचं. कोन कांदा खात न्हाई, कुनाला भात लई लागतो, समदं पाठ व्हतं मला. तुझ्या चौदांत कोन जेवत व्हतं?"

"ते... लिहिलं न्हाई."

"मग एवढ्या घाईनं मारलं कावून?"

त्यांनी कागदांची घडी घालून माझ्या हातात दिली आणि ते गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी येऊन मी चौदाच्या जागी एकच कॉर्व्हेट ठेवली. तिच्यात एक स्वयंपाकघर घातलं. आता शत्रू समोर येऊन उभा आहे, दिवाळी अंकाची मुदत उलटून गेली, आणि मला ती फोडता येत नाही.