रुपीबाईच्या पोराचा दगड

हे मी कोणालेच सांगतलं नाई. अम्मीले नाई, नवऱ्याले नाई. तुम्हाले काऊन सांगून राह्यली, ते मलेही धड समजत नाई.

मी शबाना, मूलची. चंद्रपूरच्या एका ऑफिसात नव्या वस्त्यांचे नकाशे करते. म्हणजे काय करते? कम्प्युटरले जमिनीची हद्द द्यायची, घराचा चौकोन द्यायचा, आणि नियम लिहायचे — रस्त्यापासून इतकं दूर, दोन घरांत इतकी जागा, अमुक ठिकाणी घर नकोच. बटण दाबलं का सारे चौकोन आपोआप हद्दीत जाऊन बसतात. मले त्याचा भारी माज होता, बाप्पा!

एटापल्लीकडच्या एका गावासाठी घरं बसवायची होती. मोजणी विलासभाऊंची — आरमोरीचे, मले लहान बहिणीसारखं वागवत. त्यांनी एका जागी गोल काढून दिला होता. तिथं गावातल्या रुपीबाईच्या पोराचा दगड होता. माडिया लोक गेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात, नवं धान आधी त्याच्यापुढं ठेवतात. त्या गोलात घर नको, हा नियम मीच लिहिला होता.

आणि शेवटचं एक घर काही केल्या बसेना. ओळ वाकडी होऊन राह्यली. सर घाई करत होते. मी तो गोल हटवून पाह्यला — फक्त पाहाले, हो! घर असं चपखल बसलं... सर म्हणाले, वा! मग गोल परत टाकायचा होता ना? नाई टाकला. विसरली नव्हती. ती सरळ ओळ मोडायचं जिवावर आलं.

पाया खोदताना मशीननं दगड उखडला, त्याचे तुकडे झाले. रुपीबाई मातीत बसून रडली म्हणे. तिच्यासमोर जायची माझी हिंमत झाली नाई. सरांनी विचारलं, तवा मी म्हणाली — मोजणीत खूणच नव्हती. भाऊंची फाईल माझ्याच हाती होती, त्यातलाही गोल मी पुसला. इतकी नीच कशी झाली मी?

भाऊंचं काम गेलं. जायच्या आधी ते माझ्या टेबलापाशी आले. वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर! पण ते हळूच विचारत होते, "शबाना, मी खूण केली होती ना वो? मले तर पक्कं वाटते."

"मले नाई आठवत, भाऊ."

सारं आठवत होतं.

मग भाऊ एकटेच गावात गेले आणि रुपीबाईची माफी मागून आले. माझ्या गुन्ह्याची. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेली, डबा खाल्ला.

मागच्या ईदले ते घरी आले होते. मोजणीचं काम पारच सोडलं म्हणे. "कुलूप लावलं तरी फिरून ओढून पाह्यतो वो. आपल्याच डोक्यावर भरोसा नाई राह्यला." असं म्हणून हसले. त्यांची वाटी रिकामी झाली होती, तिच्यात अजून शीरखुर्मा वाढला.