मासेवालीने मोडलेला नवस

माझी बायको आज हिंडती-फिरती आहे ती देवबागच्या एका मासेवालीमुळे. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

मी जालन्याकडचा, सातवीत शाळा सुटलेला. इथे देवबागच्या किनाऱ्यावर एका होमस्टेत राबतो. बायकोच्या पोटात कॅन्सर निघाला. ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून मी नवस बोललो आणि तिला एकच वेळ जेवायला लावलं. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. म्हणाले, "अशा अंगावर जखम भरणार नाही. आधी खाऊ घाला." तरी नवस मोडायला मी घाबरलो.

दारावर आलेल्या मासेवालीनं बायकोचं मनगट चिमटीत धरलं आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "नवस तुझो नि पोट तिचा? उपास तू कर, मेल्या! तिका कित्याक बांगड्यासारखी सुकयतंस?"

मग उपास मी धरला. ती रोज मुडदुशे आणायची, इथे आजाऱ्याला देतात ते मऊ मासे. माझं कालवण चाखून थुंकायची, पुन्हा करायला लावायची. मनगट बघून म्हणायची, "अजून काठीच!"

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. जखम नीट भरली.

एक दिवस त्या मासेवालीला आमच्या गावी नेऊन बायकोच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊ घालीन. ती नावं ठेवणारच. ठेवू दे.